जुन्या चित्रपटांतल्या डायनासोरांना वजन कोठून आले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याने ‘द लॉस्ट वर्ल्ड’, ‘किंग काँग’ आणि ‘द व्हॅली ऑफ ग्वांगी’ हे बाहुल्या फ्रेमागणिक हलवून केलेले जुने चित्रपट पाहून अॅल्युमिनियमच्या तारेवर माती चढवून सुमारे फूटभर उंचीचा टायरॅनोसॉरस बनवला आहे. मोबाईलवर एकेक फ्रेम घेऊन तो त्या बाहुलीला चालवतो, पण ती जनावर न वाटता खेळणे वाटते, आणि थोड्या चाचण्यांनंतर घोट्याजवळ तार तुटते. जुन्या कलावंतांकडे संगणक नव्हता, तरी त्यांचे डायनासोर जड वाटतात. मग बॉल-अँड-सॉकेट, म्हणजे खोबणीत फिरणाऱ्या गोळीच्या सांध्यांचा महागडा सांगाडा विकत घेतला तर आपलाही तसाच वाटेल का, असे त्याने विचारले आहे.

या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत. तार तुटणे ही धातूची आणि बांधणीची अडचण आहे. खेळण्यासारखे वाटणे ही वेळेची आणि तोलाची अडचण आहे. चांगला सांगाडा पहिली अडचण बऱ्याच अंशी सोडवतो, दुसरीला मात्र तो जवळजवळ स्पर्शच करत नाही. मी अनेक वर्षे जाहिराती आणि लघुपट यांसाठी बाहुल्या घडवण्याचे आणि त्या फ्रेमागणिक हलवण्याचे काम करते. उत्तम पोलादी सांध्यांच्या बाहुल्या निर्जीवपणे चालताना मी पाहिल्या आहेत आणि साध्या तारेच्या बाहुलीत जनावर उभे राहिलेलेही पाहिले आहे. माझे मत असे झाले आहे की, जनावराचा भार या क्षणी कोणत्या पायावर आहे आणि तो दुसऱ्या पायावर जायला किती वेळ लागणार आहे, हे ठरवल्यावरच बाहुलीला हात लावायचा, या शिस्तीतून जुन्या डायनासोरांना वजन आले. सांगाडा त्या शिस्तीला साथ देण्यासाठी घडवला गेला.

पुढे जे सांगते आहे त्यातले काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहील. चित्रपट अर्ध्या मिनिटाचा आहे की दहा मिनिटांचा, जनावर जुन्या चित्रांप्रमाणे शेपटी टेकवून उभे राहणार आहे की आजच्या विज्ञानाप्रमाणे आडवे, तुम्ही कोकणासारख्या दमट हवेत राहता की कोरड्या, जवळपास लेथवर बारीक काम करून देणारा टर्नर आहे की नाही, यावर साहित्याची निवड बदलते. वजनाचे नियम मात्र कोणत्याही साहित्याला सारखेच लागू होतात.

आधी त्या मूळ बाहुल्या काय होत्या ते पाहू. ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आणि ‘किंग काँग’ यांतली जनावरे हलवणारे विलिस ओब्रायन (१८८६–१९६२) हे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे. १९१५ च्या सुमारास त्यांनी केलेल्या पहिल्या प्रागैतिहासिक लघुपटांत बाहुल्या मातीच्या होत्या. माती दिव्यांच्या उष्णतेने मऊ पडते, प्रत्येक स्पर्शाबरोबर तिचा आकार थोडा बिघडतो आणि बोटांचे ठसे उमटतात. तुमच्या बाहुलीतही हेच होत असणार. १९२५ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’साठी ओब्रायन यांनी मार्सेल डेलगाडो या मेक्सिकोत जन्मलेल्या तरुण शिल्पकाराला बरोबर घेतले. दोघांची ओळख लॉस एंजलिसमधल्या ओटिस आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये झाली होती. डेलगाडो यांनी त्या चित्रपटासाठी जवळपास पन्नास बाहुल्या केल्या आणि मातीची पद्धत सोडून दिली. सांध्यांचा धातूचा सांगाडा, त्यावर स्पंज आणि कापूस यांचे स्नायू, त्या स्नायूंवर रबराची त्वचा, अशी आतून बाहेर जाणारी रचना त्यांनी केली. स्नायू जिथे खरोखर असतो तिथेच तो बसवल्यामुळे पाय वाकला की मांडीचा आकारही बदलत असे. काही बाहुल्यांच्या पोटात त्यांनी हवेच्या पिशव्या बसवल्या होत्या. त्या फ्रेमागणिक थोड्या फुगवायच्या आणि थोड्या सोडायच्या, म्हणजे उभे असलेले जनावर श्वास घेताना दिसे.

बाह्य आकारासाठी त्यांच्यासमोर चार्ल्स नाइट यांची चित्रे होती. नाइट यांनी न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी काढलेली डायनासोरांची चित्रे त्या काळी प्रमाण मानली जात. ‘किंग काँग’मधल्या टायरॅनोसॉरसचे सरळ उभे शरीर, जमिनीवर टेकलेली शेपटी आणि हाताची तीन बोटे ही त्या काळच्या समजुतीची खूण आहे, खऱ्या टायरॅनोसॉरसला दोनच बोटे होती. शेपटीच्या या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तुमच्या घोट्याच्या तुटण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

आता सांगाडा. साध्या तारेचा मोठा दोष असा की ती कुठेही वाकते. खऱ्या जनावराचे मांडीचे हाड वाकत नाही. वाकतात ते कंबर, गुडघा आणि घोटा हे सांधे. तारेच्या बाहुलीत तुम्ही गुडघा वाकवता तेव्हा तार गुडघ्याच्या थोडी वर, थोडी खाली, दर वेळी वेगळ्या जागी वाकते, त्यामुळे मांडीची लांबी फ्रेमागणिक बदलत राहते. प्रेक्षकाला हे नेमके सांगता येत नाही, पण त्याच्या डोळ्याला ते कळते, आणि तिथे जनावरावरचा विश्वास उडतो. हा दोष घालवायला विकतचा सांगाडा लागत नाही. तारेचे दोन-तीन पदर पिळून घ्या आणि हाडे असतील तेवढ्या लांबीवर एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी घट्ट बसवा. फक्त सांध्याच्या जागी तार उघडी ठेवा. मग ती तिथेच वाकेल.

तुटण्याचे कारणही सांगायला हवे. अॅल्युमिनियमची तार पुन्हा पुन्हा एकाच जागी वाकवली की तिथला धातू कडक होत जातो आणि अखेरीस चिरतो. दोन पायांच्या जनावरात सर्वांत जास्त वाकवला जाणारा आणि सर्वांत जास्त भार सोसणारा सांधा घोटाच असतो, म्हणून तो आधी जातो. त्यावर मी दोन उपाय करते. पहिला, सांध्यापाशी तार मोकळी राहणारी लांबी फार आखूड ठेवत नाही. दोन मिलिमीटरमध्ये सगळा वाक कोंबला तर ती लवकर मरते. दुसरा, पाय बदलता येईल असा ठेवते. कंबरेत पितळेची चौकोनी पोकळ नळी पुट्टीत बसवायची, तिच्या आत सरकणारी त्याहून बारीक चौकोनी नळी पायाच्या वरच्या टोकाला बसवायची आणि बाजूने एक बारीक स्क्रू आवळायचा. तार तुटली की तो पाय ओढून काढून आधीच तयार ठेवलेला दुसरा पाय घालता येतो. नळी गोल घेऊ नये, कारण ती जागच्या जागी फिरते.

बॉल-अँड-सॉकेट सांधा याहून निश्चितच चांगला आहे. दोन पट्ट्यांच्या मध्ये पोलादी गोळी धरलेली असते आणि पट्ट्या स्क्रूने आवळल्या की घर्षण वाढते. तार वाकवल्यावर ती किंचित मागे येते. हा सांधा जिथे सोडला तिथे थांबतो, आणि बारीक हालचालीसाठी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. ‘द व्हॅली ऑफ ग्वांगी’तली जनावरे हलवणारे रे हॅरीहाउसेन (१९२०–२०१३) यांच्या बाहुल्यांचे सांगाडे त्यांचे वडील फ्रेड लेथवर घडवून देत असत. ते व्यवसायाने यंत्रकारागीर होते. पण या सांध्याला समज लागते. सर्व सांधे सारखे आवळून चालत नाही. घोटा आणि कंबर सर्वांत घट्ट, त्यानंतर गुडघा, मग पाठीचा कणा, मग मान, आणि शेपटीचे टोक सर्वांत सैल, असा उतरता क्रम ठेवावा लागतो, कारण ज्या सांध्याच्या पलीकडे जास्त वजन लोंबते त्याला जास्त घर्षण लागते. मान कंबरेइतकी घट्ट असली तर मान वळवताना सगळे शरीर जागेवरून सरकते, आणि ते परत मूळ जागी आणता येत नाही. शिवाय काम करता करता स्क्रू ढिले होतात, म्हणून त्वचेत लपवलेली एखादी चीर ठेवावी लागते, जिच्यातून स्क्रू आवळण्याची अॅलन की आत जाऊ शकेल.

आता शेपटी. जुन्या डायनासोरांची टेकलेली शेपटी विज्ञानाच्या दृष्टीने चुकीची आहे, पण बाहुली करणाऱ्याला ती तिसरा पाय म्हणून उपयोगी पडत होती. एक पाऊल उचलले तरी दुसरे पाऊल आणि शेपटी मिळून बाहुलीला आधार देत. ‘द व्हॅली ऑफ ग्वांगी’ १९६९ साली प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या चपळ, लहान मांसाहारी डायनासोरचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या वर्षांत डायनासोरांची प्रतिमा हळूहळू बदलली. पाठ आडवी झाली, शेपटी जमिनीवरून उचलली गेली आणि शरीर कंबरेवर तोललेले दिसू लागले. तुम्हाला हे आजचे रूप हवे असेल तर तुमच्यासमोरची यांत्रिक अडचण ओब्रायन यांच्यापेक्षा कठीण आहे, हे आधी मान्य करावे. पाऊल उचलल्याबरोबर सगळी बाहुली एका घोट्यावर उभी राहते. इथे जनावराकडूनच शिकावे: खऱ्या प्राण्यात डोके व छाती यांचा भार आणि शेपटीचा भार कंबरेच्या दोन बाजूंना एकमेकांना तोलतात. बाहुली पूर्ण होण्यापूर्वी तिला कंबरेखाली एका बोटावर आडवी ठेवून पाहा. ती पुढे झुकत असेल तर शेपटीच्या बुडात शिशाचा तुकडा किंवा एखादा जड नट बसवा. तोल कंबरेवर आला की घोट्यावरचा ताण कितीतरी कमी होतो.

पावलाच्या आत एक नट पक्का बसवा आणि सेटच्या प्लायवूडला भोके पाडून खालून बोल्ट आवळा. या व्यवसायात त्याला टाय-डाउन म्हणतात. हे नसेल तर दोन पायांचे जनावर चालवण्याचा प्रयत्नच करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. बारीक बाहुलीला चुंबक पुरतो. फूटभर उंचीच्या बाहुलीला बोल्टच हवा.

इथपर्यंत बाहुली तुटणार नाही, हाड वाकणार नाही आणि उभी राहील, एवढे साधले. वजन अजून आलेले नाही.

वजन डोळ्याला कळते ते वेळेवरून. तुमची बाहुली साधारण ३० सेंटिमीटर उंच आहे आणि ती पाच मीटरच्या आसपास उंचीचे जनावर दाखवते, म्हणजे प्रमाण सुमारे एकास सोळा. गुरुत्वाकर्षण मात्र तुमच्या टेबलावरही तेच आहे. खऱ्या जगात ४.९ मीटर उंचीवरून वस्तू पडायला एक सेकंद लागतो, म्हणजे चित्रपटाच्या सेकंदाला २४ या हिशेबाने २४ फ्रेम. ३० सेंटिमीटरवरून पडायला पाव सेकंद लागतो, म्हणजे ६ फ्रेम. आता तुमच्या टायरॅनोसॉरसने मोडलेले झाड त्याच्या डोक्याच्या उंचीवरून ६ फ्रेममध्ये खाली आले, तर पाहणाऱ्याचा डोळा क्षणात निर्णय देतो की ही ३० सेंटिमीटरची वस्तू आहे. तेच पडणे २४ फ्रेममध्ये पसरवले तर ते झाड पाच मीटर उंच वाटते. प्रमाण सोळा तर वेळ चौपट, कारण वेळ प्रमाणाच्या वर्गमुळाने वाढतो. मोबाईलवर सेकंदाला १२ फ्रेमने काम करत असाल तर हे आकडे निम्मे करा, गुणोत्तर तेच राहते.

फ्रेम वाढवणे एवढेच पुरेसे नाही. अंतरांची वाटणीही बरोबर हवी. पडणारी वस्तू सुरुवातीला रेंगाळते आणि शेवटी झेपावते. वरच्या उदाहरणात पहिल्या ६ फ्रेममध्ये ती जेमतेम २ सेंटिमीटर खाली येते, १२ व्या फ्रेमपर्यंत साडेसात, १८ व्या फ्रेमपर्यंत सुमारे १७, आणि शेवटच्या ६ फ्रेममध्ये उरलेले १३ सेंटिमीटर कापते. नवखा माणूस ३० सेंटिमीटरचे २४ सारखे भाग करतो, आणि मग झाड पडत नाही, लिफ्टसारखे उतरते. डायनासोरचे पाऊल जमिनीवर टेकणे, मारलेल्या जनावराचे डोके खाली येणे, अंगाचा भार एका बाजूला कलणे, या सगळ्यांना हाच हिशेब लावावा. मी शॉट सुरू करण्यापूर्वी कागदावर अशी पट्टी काढते आणि ती टेबलाजवळ चिकटवून ठेवते.

मात्र हे गणित सगळीकडे आंधळेपणाने लावू नये. चाल पूर्ण हिशेबाप्रमाणे काढली तर ती पडद्यावर फार संथ होते, आणि ओब्रायन यांची जनावरे त्या हिशेबापेक्षा स्पष्टपणे चपळ आहेत. मी असे करते: जिथे गुरुत्वाकर्षण काम करते तिथे, म्हणजे पडणे, टेकणे, कलणे यांत हिशेब पाळते, जिथे स्नायू काम करतो तिथे, म्हणजे चावा घेणे, मान फिरवणे, शेपटी मारणे यांत नाट्याला वाव देते. चाव्यापूर्वी डोके मागे घेण्यास भरपूर फ्रेम देते, झडप तीन-चार फ्रेममध्ये संपवते आणि झडपेनंतर शरीर सावरण्यास पुन्हा भरपूर फ्रेम देते. झडप वेगवान असूनही जनावर जड वाटते, कारण त्याला थांबायला वेळ लागला.

चालीत सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बाजूचे कलणे. तुमच्या वर्णनावरून मला वाटते की तुम्ही शरीर सरळ पुढे नेता आणि पाय खाली आलटून-पालटून हलवता. दोन पायांचे कोणतेही जनावर एक पाऊल उचलण्यापूर्वी दुसऱ्या पायावर कलते. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणाऱ्या बाईच्या कंबरेकडे पाहिले तरी हे लक्षात येईल. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कंबर उभ्या पायाच्या बाजूला सरकेल आणि किंचित खाली बसेल, मग दुसरे पाऊल सुटेल, शेपटीचे बूड विरुद्ध बाजूला जाईल, शेपटीचे टोक दोन-तीन फ्रेम उशिरा त्याच्या मागे येईल, आणि पाऊल टेकल्यावर गुडघा भार घेत थोडा वाकेल. संदर्भासाठी घराजवळची कोंबडी उत्तम आहे. पाऊल उचलताना ती बोटे मिटते आणि टेकण्याआधी उघडते, हे मोबाईलवर संथ गतीने चित्रित करून पाहा. मांसाहारी डायनासोरांचे पक्ष्यांशी जवळचे नाते आहे, त्यामुळे ही नक्कल शास्त्रालाही धरून आहे. चार पायांच्या जड जनावरासाठी हत्ती पाहावा.

ओब्रायन यांनी तरुणपणी अनेक उद्योग केले, त्यात मुष्टियुद्धही होते, आणि महाकाय वानर काँग व टायरॅनोसॉरस यांच्या झुंजीत ते दिसते: एकमेकांचा अंदाज घेणे, पकड बदलणे, आदळल्यावर उठण्यापूर्वीचा तो क्षण. पण त्या प्रसंगात मला सर्वांत मोलाची वाटते ती झुंजीच्या आधीची एक छोटी हालचाल. टायरॅनोसॉरस गुरगुरत, धावत येत नाही. तो डोक्याच्या बाजूला, कानाजवळ, खाजवतो. कथेला त्याची काही गरज नाही. पण ज्या जनावराला खाज येते त्याला कातडी आहे, सवयी आहेत, आणि ते कॅमेरा सुरू होण्यापूर्वीही कुठेतरी जगत होते, असे प्रेक्षकाला वाटते. झुंज संपल्यावर काँग मेलेल्या टायरॅनोसॉरसचा जबडा हलवून पाहतो, तोही त्याच जातीचा क्षण. तुमच्या शॉटमध्ये असा एक निरुपयोगी वाटणारा क्षण अवश्य ठेवा. जनावर स्थिर असतानाही ते पूर्ण थिजू देऊ नका. छातीची अगदी किंचित हालचाल चालू राहिली तरी पुरे, डेलगाडो यांच्या हवेच्या पिशव्यांचे काम हेच होते.

तरुण हॅरीहाउसेन यांनी आपला स्टेगोसॉरस ओब्रायन यांना दाखवला, तेव्हा त्याचे पाय सुरकुतलेल्या सॉसेजसारखे दिसतात असे ओब्रायन यांनी सांगितले आणि शरीररचना शिकण्याचा सल्ला दिला. हॅरीहाउसेन यांनी तो सल्ला मानला. तुमच्यासाठीही पैसे खर्च करण्याआधीची पायरी तीच आहे. कोंबडीच्या किंवा शहामृगाच्या पायाची हाडे कागदावर काढा. जो सांधा मागे वाकलेला गुडघा वाटतो तो घोटा आहे, आणि खरा गुडघा वर, शरीराला लागून आहे. हे न समजता बनवलेला डायनासोर माणसासारखा चालतो.

पुढचा मुद्दा: बाहुली शॉटसाठी असते, शॉट बाहुलीसाठी नसतो. ‘किंग काँग’मध्ये जंगलातल्या प्रसंगांसाठी काँगची सुमारे १८ इंच उंचीची बाहुली होती, जवळच्या दृश्यांसाठी पूर्ण आकाराचे डोके आणि हात वेगळे बांधले होते, कारण एवढ्याशा बाहुलीचा चेहरा पडदाभर चालला नसता. चेकोस्लोव्हाकियात दिग्दर्शक कारेल झेमन यांनी १९५५ च्या ‘त्सेस्ता दो प्राव्येकू’ (प्रागैतिहासिक काळाकडे प्रवास) या चित्रपटात हालत्या बाहुल्या आणि मोठ्या प्रतिकृती यांची शॉटनुसार सरमिसळ केली, आणि जनावरांची रूपे झ्देन्येक बुरियान यांच्या चित्रांवरून घेतली. म्हणून आधी शॉटची यादी करा. एखाद्या शॉटमध्ये फक्त झाडीवर आलेली मान दिसणार असेल, तर तिथे पाय असलेली बाहुली उभी करण्याचे कारण नाही. मोठ्या प्रमाणात केलेली नुसती मान अधिक चांगली दिसेल.

याचे माझ्या दृष्टीने सर्वोत्तम उदाहरण ‘द व्हॅली ऑफ ग्वांगी’मधला फासाचा प्रसंग आहे. ही कल्पना मूळची ओब्रायन यांची; त्यांच्या हयातीत तो चित्रपट झाला नाही, तो पुढे हॅरीहाउसेन यांनी केला. घोडेस्वार ग्वांगी नावाच्या धावत्या अॅलोसॉरसवर चहूबाजूंनी फास टाकतात आणि तो दोर ओढून झगडतो. स्पेनमध्ये चित्रीकरण करताना घोडेस्वारांनी जीपवर उभ्या केलेल्या उंच खांबावर फास टाकले, त्यामुळे दोर खरोखर ताणले गेले आणि घोडेही खरोखर ओढले गेले. नंतर स्टुडिओत ते दृश्य बाहुलीच्या मागच्या पडद्यावर फ्रेमागणिक प्रक्षेपित केले गेले, बाहुली अशी उभी केली की जीप तिच्या आड जाईल, आणि बाहुलीच्या गळ्यातल्या बारीक तारा प्रत्येक फ्रेममध्ये खऱ्या दोरांच्या रेषेत जुळवल्या. ग्वांगीचे वजन त्या प्रसंगात अर्ध्याहून अधिक दोरांच्या ताणातून येते. जनावर स्वतः कितीही चांगले हलले तरी, भोवतालच्या जगाने त्याच्या वजनाला उत्तर दिल्याशिवाय ते जड वाटत नाही. तुमच्या शॉटमध्ये दोर नसेल, पण पाऊल पडल्यावर फांदी हलू द्या, रेतीत ठसा उमटू द्या, दगड घरंगळू द्या.

याच प्रक्षेपणाच्या पद्धतीला पुढे डायनामेशन हे नाव मिळाले. ती हॅरीहाउसेन यांनी १९५३ च्या ‘द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स’मध्ये वापरली होती. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर दृश्याचा पुढचा भाग काळा करून आधी बाहुली चित्रित करायची, मग फिल्म मागे घेऊन, उलट भाग काळा करून तो पुढचा भाग उमटवायचा. बाहुली दृश्याच्या मधोमध अडकते. आज मोबाईलवरच्या साध्या संपादनातही हे करता येते, त्यासाठी वेगळा खर्च नको.

त्वचेबद्दल. फोम लॅटेक्स, म्हणजे फेसाळ रबर, हा व्यावसायिक मार्ग आहे: शिल्पावरून प्लॅस्टरचा दोन भागांचा साचा, आत सांगाडा, फेसाळलेले लॅटेक्स भरून मंद आचेवर कित्येक तास भाजणे. भट्टी स्वयंपाकाची नसावी, कारण वाफा आरोग्याला चांगल्या नाहीत. पहिल्या बाहुलीसाठी मी डेलगाडो यांचाच मार्ग सुचवेन. स्पंजचे तुकडे कापून स्नायू लावा, त्यावर द्रव लॅटेक्समध्ये भिजवलेल्या कापसाचे पातळ थर द्या, आणि खवल्यांसाठी खरखरीत पृष्ठभागावर ओतून सुकवलेले लॅटेक्सचे पापुद्रे चिकटवा. सांध्याच्या आतल्या बाजूला थर पातळ ठेवा, नाहीतर त्वचा सांध्याला मागे ढकलते. द्रव लॅटेक्सला अमोनियाचा उग्र वास असतो, खिडकी उघडी ठेवा. पावसाळ्यात प्रत्येक थर सुकायला खूप वेळ घेतो. घाईने दुसरा थर दिला तर आत ओल राहते. आणि ही त्वचा कायमची नसते. ऊन, उष्णता आणि हवा यांनी लॅटेक्स कडक होऊन तडकते. जुन्या बाहुल्यांची कातडी झडली आणि सांगाडे उरले. काही सांगाडे तर पुढच्या चित्रपटात पुन्हा वापरले गेले: १९५३ च्या ‘द बीस्ट’मधल्या रेडोसॉरस या काल्पनिक प्राण्याचा सांगाडा १९५८ च्या ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मधल्या ड्रॅगनच्या आत गेला. सांगाड्यावर खर्च आणि त्वचेवर काटकसर, हा क्रम म्हणूनच योग्य आहे.

सेटबद्दल थोडक्यात. मोबाईलचे एक्स्पोजर, फोकस आणि पांढऱ्या रंगाचे संतुलन हाताने बांधून ठेवा, गडद कपडे घाला, विजेचा दाब खाली-वर होत असेल तर दिव्यांना स्टॅबिलायझर लावा. जिवंत रोप सेटवर ठेवू नका. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचे रोप उगवतानाचे चित्रण ठरावीक अंतराने फ्रेम घेऊन केले होते, त्यांनी जे मुद्दाम केले तेच तुमच्या जंगलात न सांगता घडेल, आणि डायनासोरच्या मागे पाने वळवळू लागतील.

एक मर्यादा मात्र या कलेच्या मुळातच आहे. खऱ्या कॅमेऱ्यासमोरून जाणारे जनावर प्रत्येक फ्रेममध्ये थोडे पुसट होते, कारण शटर उघडे असताना ते हलत असते. बाहुली स्थिर असते, म्हणून तिची प्रत्येक फ्रेम तीक्ष्ण येते आणि वेगवान हालचाल थरथरल्यासारखी दिसते. १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेअर’मध्ये फिल टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटरवर चालणाऱ्या दांड्यांनी बाहुली चित्रणाच्या क्षणीच हलवून ही पुसटता आणली. ‘जुरासिक पार्क’चे डायनासोरही आधी याच पद्धतीने करायचे ठरले होते, ते काम अखेर संगणकाकडे गेले, तरी टिपेट यांचे कलावंत सांध्यांत संवेदक बसवलेला सांगाडा हाताने हलवत होते आणि त्या हालचाली संगणकात जात होत्या. जनावराचा भार कुठे आहे हे जाणणारी माणसे तिथेही लागली. तुमच्यापुरते सांगायचे तर ही थरथर पूर्ण घालवण्याच्या मागे लागू नका. हालचालीचे टप्पे लहान ठेवा आणि मोठी झेप कॅमेऱ्यासमोरून आडवी न नेता कॅमेऱ्याच्या दिशेने न्या, तिथे ती कमी जाणवते.

आता विकतच्या सांगाड्याचा निर्णय. तो लगेच घेऊ नका. आधी पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन तारेचे पाय आणि एक शेपटी लावा. डोके नको, त्वचा नको. पावलांत नट बसवा. या खोक्याला २४ फ्रेमच्या हिशेबाने ४८ फ्रेममध्ये फक्त एका पायावरून दुसऱ्या पायावर भार न्यायला लावा, एक पाऊल उचलून पुन्हा टेकवा. हे चित्रण एखाद्या अनोळखी माणसाला दाखवा आणि ही वस्तू जड आहे की हलकी, एवढेच विचारा. उत्तर ‘हलकी’ आले तर वरच्या वेळेच्या पट्टीकडे परत जा आणि कंबर आधी सरकते की पाऊल आधी सुटते, ते तपासा. उत्तर ‘जड’ आले की मग टर्नरकडे जा, आणि तेव्हाही पूर्ण सांगाडा न करवता फक्त दोन कंबरेचे आणि दोन घोट्यांचे असे चार बॉल-अँड-सॉकेट सांधे करून घ्या. मान, हात आणि शेपटी तारेची चालतील.